उजव्या बाजूची माती

या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षांपासून वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मला हसू येतं. कोणाला वडाखाली बाई दिसते, कोणाच्या मागे पावलं वाजतात... मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. स्मशानाला लागून आमचा कापसाचा तुकडा होता, तिथे मी चाळीस वर्षं राबले. मला कधी कोणी दिसलं नाही. दिसलं असतं तर निंदायला बसवलं असतं.

तर अशी मी, आणि आज मीच लिहायला बसले आहे. शिक्षण चौथी. पेपर मात्र रोज वाचते, जाहिरातींसकट. मोबाइलवर एका बोटाने टाइप करते. जे झालं ते जसं झालं तसं सांगते. दोन महिने झाले तरी अजून रोज आठवतं... भीती नाही वाटत बरं का, वेगळंच काहीतरी होतं. लहानपणी जत्रेत पाळण्यात बसल्यावर व्हायचं तसं.

गाव शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर. नाव लिहीत नाही, अर्धं गाव हे पान वाचतं. घर पूर्वेच्या तोंडाचं, पुढे ओटा, ओट्यावर पत्रा. मार्गशीर्ष चालू होता, धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, मिरची वाळत होती. घरात माणसं दोन. मी आणि माझा धाकटा भाऊ मगन. माझा नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मगनची बायको जाऊन सहा. त्याची मुलगी सुरतेला असते.

मगन फौजेत होता, रणगाडा चालवायचा. एकाहत्तरच्या लढाईत होता. त्या वेळी त्याला जेमतेम वीस वर्षं पूर्ण झाली होती. डोक्याला मार लागून परत आला, नंतर बरीच वर्षं नोकरी करून पेन्शनवर घरी आला. लढाईबद्दल त्याने घरात एवढंच सांगितलं होतं की "आमचे दफेदार गेले." दफेदार म्हणजे त्याच्या रणगाड्यावरचा मुख्य. त्यापुढे विचारलं की उठून बाहेर जायचा. आम्ही विचारणं सोडून दिलं.

पेन्शनवर आल्यावर त्याला एक नाद लागला. प्लास्टिकचे सुटे भाग डब्यात येतात, ते जोडून छोटे रणगाडे करायचे. खेळण्यातले नाहीत हं. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचे, एकेक खिळा मोजून. वीतभर लांब. कपाटात सात ठेवले आहेत. दोन वर्षांपूर्वी त्याचे हात कापायला लागले आणि नाद थांबला. चहाची कपबशीसुद्धा मीच धरते.

गेल्या दिवाळीनंतर एक गोष्ट घडली. जुन्या फौजींचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर सातारा भागातल्या एका बाईने लिहिलं होतं की माझे वडील दफेदार शिंदे, अमुक लढाईत गेले, मी तेव्हा सहा महिन्यांची होते, त्यांच्याबरोबरचं कोणी हयात आहे का? मगनने ते वाचलं. तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी कापऱ्या बोटाने उत्तर टाकलं, "मी त्यांचा ड्रायव्हर." बाईचा तासाभरात फोन आला. ती रविवारी चौदा तारखेला येते म्हणाली.

मगनने कपाटातून एक अर्धवट रणगाडा काढला. त्यांचा होता तोच प्रकार, रशियन बनावटीचा, एका बाजूला पाच चाकं. हात धड होते तेव्हा जोडलेला, वरून फवाऱ्याच्या डब्याने हिरवा रंग मारलेला. पण नवा कोरा. दुकानातल्या साबणाच्या वडीसारखा.

"हाई तिले देसू," मगन म्हणाला. "पन अशी नही. त्या दिवशी गाडी जशी व्हती, तशी."

हिरव्या कोऱ्या रणगाड्याला वापरल्यासारखा करायचा, धूळ, गंज, चिखल, खरचटलेलं सगळं रंगाने दाखवायचं, याला हे लोक वेदरिंग म्हणतात. मगनचे हात ते करू शकत नव्हते. राहिले कोणाचे? माझे.

आता मजा बघा. जन्मभर मी जुनं ते नवं दिसावं म्हणून घासत आले. भांडी, ओटा, माणसं. आणि आता नवं ते जुनं करायचं! पहिल्या दिवशी मी कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण विसरले. तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून खाचांत सोडायचा, तो आपोआप कडांना धरतो आणि एकेक जोड उठून दिसायला लागतो... काय सांगू! ब्रश रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसायचा आणि कडांवरून हलका फिरवायचा, की पोलाद घासल्यासारखं चमकतं. भांडी घासायच्या घासणीचा तुकडा रंगात टेकवून ठिपके दिले की रंग उडालेला दिसतो. मगन खाटेवर बसून हुकूम सोडायचा आणि मी त्याच्या हुकमाच्या उलट करून बघायचे.

एक घोळ मात्र मी केला. गंजाचा रंग शहाद्याहून यायचा होता, तो आला नव्हता. घरात गंजाच्या रंगाची वस्तू कोणती? ताजी कांडलेली मिरची. मी चिमूटभर घेऊन धुराच्या नळीवर बोटाने चोळली. काय सुंदर दिसत होती! तासाभराने तिचं तेल सुटलं आणि नळी ते मागची झाकणं सगळं लालभडक होऊन ओघळलं. मगन बघायला वाकला आणि सात वेळा शिंकला.

"आक्का, हाई टँक शे! वांगास्नं भरीत नही!"

"तुन्हा रंग उना नही, मी काय हात बांधीसन बसू?"

"रविवारे ती बाई उनी आनि शिंकी ते?"

"ते म्हनसू, बारूद शे."

किती दिवसांनी मगन हसला. मी मिरची साबणाने धुतली. त्या दिवशी मंगळवार होता. रविवारला पाच दिवस राहिले होते.

बुधवारी मी चिखलाला हात घातला. मगनच्या पुस्तकात चिखलासाठी प्लास्टरची भुकटी आणि रंग सांगितला आहे. मी म्हटलं, चिखल चिखलाचाच होईल. आमच्या शेतातली काळी माती आणली, जुन्या धोतराच्या फडक्यातून तीनदा चाळली, बाभळीचा डिंक भिजवून त्या पाण्यात कालवली.

"पातळ कर," मगन म्हणाला.

"चिखल तू मले शिकाडस? सारी उमर चिखलमा गई मन्ही."

दोन्ही बाजूंच्या चाकांना, साखळीला, वरच्या पत्र्याच्या खालपर्यंत एकसारखा थर दिला. उरलेला चिखल डब्याच्या झाकणावर पसरून शेजारी ठेवला, म्हणजे वाळल्यावर कसा दिसतो ते कळावं. दुपारचे दोन वाजले होते. रणगाडा ओट्यावर ठेवून मी धाब्यावर मिरची हलवायला गेले. खाली आले तेव्हा साडेतीन.

झाकणावरची माती काळी. डाव्या बाजूची माती काळी. उजव्या बाजूची माती... पिवळट! जोंधळ्याच्या पिठासारखी, किंचित राखेची छटा असलेली. आणि सगळी नाही. मागच्या चाकावर अगदी वरच्या पत्र्यापर्यंत, आणि तिथून तिरकी उतरत उतरत पुढच्या चाकाच्या फक्त तळाशी. पिवळ्याच्या वर पुन्हा काळी. दोघांच्या मधली रेघ दोरीने आखल्यासारखी सरळ.

मी आधी मगनवर ओरडले. "कोनी लाई हाई माती?"

"तूच लाई."

"मी काळी लाई व्हती!"

तो खाटेवरून उठून आला, वाकला, आणि त्याचा चेहराच बदलला. मग म्हणाला, "हाई माती तठली शे."

"तठली म्हंजे कथली?"

"जठे गाडी फसनी तठली."

मी म्हटलं, लढाईत गाडी फसली तिथली माती इथे कशी येईल? तुझं डोकं फिरलंय. पाण्यात खार असेल. जुन्या दात घासायच्या ब्रशने मी उजवी बाजू धुऊन काढली. आणि ऐका, वाटीत जे पाणी उतरलं ते काळं होतं! पिवळी माती धुतली आणि पाणी काळं. मी वाटीत बोट फिरवून बघितलं. आमच्या शेताचीच माती. वाटी हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. भीती म्हणाल तर नव्हती. पण काहीतरी भलतं जबरदस्त आपल्या ओट्यावर चाललं आहे आणि आपण बघतो आहोत, असं वाटलं.

गुरुवारी मी तापीच्या काठावर गेले आणि तिथला गाळ आणला. पुन्हा चाळला, पुन्हा कालवला, दोन्ही बाजूंना आणि झाकणावर लावला. या वेळी उठलेच नाही. पाट घेतला आणि समोर बसून राहिले, रणगाड्यावरची नजर न हलवता. चिखल वाळताना फिका होतच जातो, हे ज्याने सारवलं आहे त्याला माहीत असतं. म्हणून नेमका क्षण काही पकडता आला नाही. पण तासाभराने तीच रेघ होती. मागे वर, पुढे खाली. झाकणावर गाळाचा रंग, उजवीकडे पीठ.

तेव्हा मगनने सांगितलं. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा. खाली बघत, तुटक तुटक.

सकाळची वेळ होती. समोर नाला होता, पलीकडून गोळे येत होते. दफेदार वरच्या झाकणातून अर्धे बाहेर उभे, मगन खाली ड्रायव्हरच्या जागेवर. कानातल्या यंत्रातून दफेदारांचा आवाज आला, "पीछे! पीछे ले!" त्यानंतरचं मगनला काही आठवत नाही. गिअरचा दांडा हातात, समोर भक्क उजेड, आणि एकदम इस्पितळ. तिथे कोणीतरी सांगितलं की तुमची गाडी चिखलात फसली, दफेदार ती सोडवायला उतरले, आणि तिथेच दुसरा गोळा पडला.

"मी म्होरे गऊ, आक्का. त्यानी मांगे सांगं आनि मी म्होरे गऊ. घाबरी गऊ."

"तुले याद शे?"

"नही. पन गाडी फसनी ना? नाला म्होरे व्हता. मांगे कोरडं रान. मांगे जाता ते फसतीच कशी?" मग म्हणाला, "रविवारे तिले सांगसू. तुन्हा बाप मन्हामुळे मरना."

आता कळलं तुम्हाला? त्याने बाईला त्यासाठी येऊ दिलं होतं. रणगाडा देऊन तो तिच्यापुढे उभा राहणार होता. चोपन्न वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन जगला, आणि मला वाटत होतं की याचा स्वभावच कमी बोलण्याचा.

मी पुन्हा रणगाड्याकडे बघितलं. आणि एकदम उठलेच. "मगन! इकडे दख!"

अहो, चिखलात रुतलेल्या बैलगाड्या मी किती काढल्या असतील! ट्रॅक्टरही काढले आहेत. गाडी तोंडाने चिखलात गेली की पुढचं चाक बुडतं आणि चिखल पुढे वर चढतो, मागे कमी. हा चिखल उलटा होता. मागे वरपर्यंत आणि पुढे तळाशी. म्हणजे मागचं अंग आधी बसलं, तेही उजवीकडचं. गाडी मागे जाताना रुतली होती. मागे!

"हाई गाडी मांगेच गई व्हती," मी म्हटलं. "तू ऐकं व्हतं त्यानं."

मगनने माझ्याकडे असं बघितलं की मला राग आला.

"तू मले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन करी ऱ्हायनी."

"मी? तुले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन मी आज लगून काय करं?"

त्याने विचार केला. "काहीच नही."

"मग?"

"मग म्हातारपन उनं तुले."

शुक्रवारी मी त्याला म्हटलं, मग तूच लाव. मी हातही लावणार नाही. धडगावकडची तांबडी माती घरात होती, ओट्याच्या कडेला लावायला आणलेली. गेरूसारखी लाल. ती त्यानेच कालवली, त्यानेच लावली. हात असे कापत होते की चिखल चाकांवर, तोफेवर, त्याच्या सदऱ्यावर आणि भिंतीवर उडाला. मी मुद्दाम ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. तो म्हणाला, "हात दखाड," आणि मी दर पाच मिनिटांनी हात वर करून दाखवत होते. दोन म्हातारी माणसं भर दुपारी शाळेतल्या पोरांसारखी! कोणी फाटकातून बघितलं असतं तर सुरतेला फोनच केला असता.

तासाभराने सगळा रणगाडा लाल झाला होता. तोफ लाल, डाव्या बाजूची चाकं लाल, झाकण लाल, भिंत लाल. आणि उजवीकडे, मागून पुढे तिरका उतरणारा तोच पिठासारखा पट्टा.

मी ओरडलेच. हात वर करून नाचायचीच बाकी होते. "आते बोल! आते कोन लाई?"

मगन पाटावर बसला. कापणाऱ्या बोटाने त्याने त्या पट्ट्याला हात लावला. मग म्हणाला, "मातीले काय इचारस, आक्का? माती साक्ष देस का? ती बाई उनी ते तिले काय सांगू? मन्ही बहीन चिखल वाची ऱ्हायनी?"

तो म्हणत होता ते बरोबर होतं. मी मानलं तरी जगाला दाखवायला काय होतं? तिसऱ्यांदाही मी आणि तो सोडून कोणी पाहिलं नव्हतं. शनिवारी मी तोफेवरची आणि डावीकडची लाल माती पुसून तिथे काळी लावली. उजवीकडे मात्र हात लावला नाही. ती जशी होती तशी ठेवली.

रविवारी अकरा वाजता गाडी आली. बाई पन्नाशीच्या पुढची, शाळेत शिकवणारी, नाव सुनंदा. एकटीच आली होती, नंदुरबारला रेल्वेने उतरून. तिने वाकून मगनच्या पाया पडायचा प्रयत्न केला आणि तो एवढा मागे सरकला की खाटेवर आदळला.

मी चहा ठेवला. म्हटलं, आधी चहा होऊ दे, मग काय ते बोलू. पण मगन कुठला थांबतो! कपाटाला धरून उभा राहिला. मराठी-हिंदी मिसळून बोलला, फौजी लोक बोलतात तसा.

"बाई, तुमच्या वडिलांनी मला पीछे सांगितलं होतं. मी आगे घेतली. गाडी फसली. ते उतरले आणि गेले. कसूर माझा. मी चोपन्न वर्षं तुमच्या घरी आलो नाही, त्याचं कारण हे. आता तुम्ही काय म्हणाल ते."

सुनंदाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मी चहाचं पातेलं हातात घेऊन दारात उभी.

"काका," ती म्हणाली, "असं कसं म्हणताय? तुम्ही मागंच घेतली होती की."

मगनने कपाट आणखी घट्ट धरलं.

"तुम्हाला माहीत नाही का? अहो, पत्र आहे आमच्याकडं. तुमच्यातले गनर होते ना, करतारसिंग? त्यांनी आईला पत्र लिहिलं होतं, लढाई संपल्यावर. आईला हिंदी येत नव्हतं, मास्तरांकडनं वाचून घेतलं. मला तर पाठ आहे. 'ड्राइवर ने हुक्म सुनते ही गाड़ी पीछे ली. पीछे सूखी घास के नीचे दलदल थी, किसी को दिखी नहीं. दाहिना पीछा बैठ गया. ड्राइवर बेहोश था, इसलिए शिंदे साहब खुद उतरे.' असं आहे. आमच्या घरात लहान पोराला पण माहीत आहे. तुमचं नाव आहे पत्रात, मगन म्हणून."

दाहिना पीछा. उजवी मागची बाजू. माझ्या हातातलं पातेलं कलंडलं आणि चहा पायावर सांडला. मला भाजल्याचं नंतर कळलं.

"आई कायम म्हणायची," सुनंदाबाई सांगत होती, "तो ड्रायव्हर पोरगा जगला का? त्याच्या डोक्याला लागलं होतं म्हणे. त्याला एकदा बघायचं होतं. पण पत्ता कोणाकडं होता? गनरकाका पण वारले."

चोपन्न वर्षं! सातारकडच्या एका घरात लहान पोरांनाही माहीत होतं की मगनचा दोष नाही. ज्याला माहीत असायला हवं होतं त्यालाच माहीत नव्हतं. का? तर हा शहाणा लाजेने कधी तिकडे फिरकला नाही. मला दया वगैरे येत नाही पटकन. मला संताप आला. पाहुणी समोर आहे हेही मी विसरले.

"मूरख! एक कार्ड टाकता उनं नही तुले? पंधरा पैसाना कार्डमा बठं मिटी जातं!"

"तू सांगं नही कधी," तो म्हणाला.

"मले काय माहीत व्हतं? तू बोलस कधी?"

सुनंदाबाईला आमची बोली फारशी कळली नसावी, पण ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मगन रडला नाही. तो खाटेवर बसला आणि त्याने हात पुढे केला, मी दुसरा चहा आणून त्याच्या तोंडाशी धरला आणि तो सगळा प्यायला. त्यानंतर दोन तास तो बोलत होता! मी जन्मात त्याचा एवढा आवाज ऐकला नव्हता. शिंदे दफेदार कांद्याशिवाय जेवत नसत, तोफेवर कपडे वाळत घालायचे आणि साहेब आला की खोटं खोटं रागवायचे, मुलगी झाल्याची तार आली तेव्हा रणगाड्यावर गूळ वाटला होता... ती बाई एकेक शब्द घोटासारखा घेत होती.

मग मगनने रणगाडा तिच्या हातात दिला. तिने फिरवून फिरवून बघितला. उजवी बाजू बघून म्हणाली, "ही माती वेगळी आहे हो. इकडची वाटत नाही."

मी आणि मगनने एकमेकांकडे बघितलं. सांगायचं की नाही? मी सांगून टाकलं, सगळं. तिने ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही मला माहीत नाही. शिक्षिका आहे. पण रणगाडा पिशवीत न घालता मांडीवर घेऊन बसली आणि तसाच घेऊन गेली.

मगनचा जावई शेतकी शाळेत शिकवतो. त्याला मी फोन केला. तो म्हणाला, आत्या, डिंक आणि रंगाची काहीतरी प्रक्रिया झाली असेल, क्षार वर आले असतील. मी म्हटलं, मग डावीकडे का नाही आले? तोच रंग, तोच डिंक, तीच वाटी. आणि तीन जागची माती, तिन्ही वेळा एकच रेघ? तो म्हणाला, बघावं लागेल. मी म्हटलं, बघ. अजून त्याचा फोन आलेला नाही.

तुम्ही म्हणाल, म्हातारीने आधीच पत्राबद्दल कुठेतरी ऐकलं असेल आणि हातून नकळत तसं झालं असेल. मीही तेच धरून बघितलं. पण ते पत्र सातारकडे एका पेटीत होतं. आम्हाला त्या घराचा पत्ताही दिवाळीपर्यंत माहीत नव्हता. आणि तिसऱ्या दिवशी तर माझे हात मांडीखाली होते.

मग ते काय होतं? मला माहीत नाही. दफेदार आले होते का? मला कोणी दिसलं नाही, कसला वास आला नाही, वारा सुटला नाही. भर दुपारी, उन्हात, ओट्यावर. माती वाळली एवढंच. त्यानंतर मी हट्टाने मगनच्या दुसऱ्या रणगाड्यांवर चारदा चिखल लावून बघितला. दरवेळी साधा काळा वाळतो. मला थोडी निराशाच होते, खोटं कशाला सांगू.

कारण कोणाला कळलं तर इथे लिहा, मी वाचेन. लगेच नाही पण. परवा पहाटे आम्ही दोघं सातारकडे निघतो आहोत. दफेदारांच्या बायकोला दिसत कमी आहे आता, पण बोलते छान, फोनवर मगनशी रोज बोलते. मगनने नवा सदरा शिवून घेतला आणि काल मला विचारत होता, त्यांच्यापुढे गेल्यावर सॅल्यूट करायचा की पाया पडायचं? मी म्हटलं, आधी जा तर खरं.